पांढरा फेटा आणि फ्रान्सचं तख्त

अमळनेरजवळच्या एका कॉलेजात इतिहासाच्या वर्गाने १८७१ ची फ्रान्सची निवडणूक मांडली. पालकांनाही बोलावलं. एका बाजूला प्रजासत्ताकवाले, त्यांची पुढारी मेघा. दुसऱ्या बाजूला राजेशाहीवाले, त्यांच्यात गादीचे दोन दावेदार: रोनक आणि भूषण.

मेघाला हरून चालणार नव्हतं. वडील प्रेमराज गावचे सरपंच. त्यांनी अट घातली होती, "कॉलेजमा निवडी ये, मंग ग्रामपंचायतना फॉर्म भर. नहीतं तुना भाऊ उभा राही."

आदल्या दिवशी राजेशाहीवाल्यांनी भरीत-पुरीची पंगत घातली. मेघाने भाषण केलं. राजेशाहीला प्रचंड बहुमत मिळालं.

राहिला राज्याभिषेक. आधी रोनक, त्याच्यानंतर भूषण, असं ठरलं होतं. रोनक ज्याची भूमिका करत होता, त्या फ्रान्सच्या खऱ्या दावेदाराने तिरंगी झेंडा नाकारून पांढऱ्याचा हट्ट धरला होता. पण झेंडा म्हटला की प्राचार्यांना पोलीस आठवतात, म्हणून इतिहासाच्या रत्ना मॅडमनी झेंड्याऐवजी फेटे आणले. नियम सांगितला, "घंटा होईपर्यंत राजा फेटा बांधून तख्तावर बसला नाही, तर प्रजासत्ताक जिंकलं. आणि रोनक, तिरंगी बांधलास तर गुण शून्य."

रोनकने पांढरा फेटा डोक्याला लावला. पहिल्या रांगेतून त्याचे वडील मदनलाल ताडकन उठले. मारवाड्यांत बाप गेला की मुलाला पांढरी पगडी बांधतात.

"काढ ते! मी जिवंत आहे अजून. दुकान उघडं टाकून आलोय!"

"पप्पा, इतिहासात असंच आहे."

"इतिहासातला बाप मेला असेल!"

रोनकने फेटा काढला. भूषणने विनवलं, "तिरंगी बांध ना भो."

"आणि शून्य कोण घेईल, तू?"

"मग बाजूला हो, मी बसतो."

"आधी मीच. ठरलंय."

घंटा झाली. तख्त रिकामं. मॅडमनी प्रजासत्ताक कायम असल्याचं जाहीर केलं.

बाहेर प्रेमराज मोटारसायकलजवळ उभे होते. "हाई काय जिंकनं शे? त्या दोन्ही भांडनात म्हनीसन तू वाचनी."

"आबा, तुम्ही कसा निवडी उनात?" मेघाने विचारलं.

आबांनी गाडीला किल्ली लावली. त्यांच्या सरपंचपदाच्या निवडणुकीत गिरधर आणि चिंधा या चुलतभावांपैकी एकानेही माघार घेतली नव्हती. भावकीची मतं फुटली आणि आबा मधल्यामध्ये निवडून आले.

त्यांनी किक मारली.

"बैस," ते म्हणाले. "फॉर्मले फोटो लागस."