भोक पडलं, पण मी फुटले नाही

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. कन्हेरीच्या गेणबांच्या गोठ्यात गौरी नावाची गाय आहे. तिच्या कासेत, मागच्या डाव्या सडाच्या, म्हणजे आचळाच्या वर, जिथं दूध तयार होतं तिथं माझं घर. गौरी व्याली तेव्हापासून मी कामावर आहे. सुईच्या टोकावर माझ्यासारख्या कितीतरी मावतील. पण लहान म्हणून माझी कीव करू नका. मला ती चालत नाही.

माझ्याभोवती एक पडदा आहे. चरबीचा, दोन पदरी, अगदी पातळ. कोणता क्षार आत ठेवायचा आणि कोणता बाहेर, हे तो पडदाच ठरवतो. तो शाबूत तर मी शाबूत. त्याच्या आडोशाला बसून मी रक्तातून हवं ते उचलायची आणि त्याचं दूध करायची. गेणबांची सून वृषाली ते दूध उकळून आपल्या दोन वर्षांच्या निकिताला द्यायची. निकिता पांढऱ्या मिशा घेऊन गोठ्यात यायची आणि म्हणायची, "गौली, अजून!" एवढं कौतुक मला पुरे होतं.

पण त्या घराची एक सवय होती. वृषालीच्या सासूबाई, सारजाबाई, धार काढायच्या आधीच गौरीपुढं मुरघासाची, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची पाटी ठेवायच्या. धार संपेपर्यंत पाटीही संपायची आणि गौरी ओल्या जमिनीवर बसायची. "बसू दे बाई निवांत, दूध दिलंय तिनं," असं सारजाबाई मायेनं म्हणायच्या. मायेत खोट नव्हती. मात्र धार काढल्यावर सडाचं तोंड जवळजवळ अर्धा तास उघडं राहतं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

जंतूंना ठाऊक होतं.

एका संध्याकाळी ते त्या उघड्या दारातून वर आले. मला वाटलं, अंगावर धावून येतील. पण ते लांबच राहिले आणि त्यांनी विष सोडलं. त्याचा एक कण माझ्या पडद्याला चिकटला. मग दुसरा, तिसरा. एकेकटे असताना ते काहीच करत नव्हते. सात जमले, त्यांनी गोल रिंगण धरलं आणि सगळ्यांनी मिळून पडद्यातून आरपार एक नळी खुपसली.

मित्रांनो, माझ्या अंगाला भोक पडलं! जपून ठेवलेला क्षार बाहेर वाहू लागला, नको ते आत शिरलं, पाणी भरू लागलं. मी फुगले. शेजारची पेशी डोळ्यांदेखत फुटली. मी मात्र हाकाटी केली आणि रक्तातले पांढरे शिपाई धावत आले. त्या धुमश्चक्रीत कास तापली, दगडासारखी घट्ट झाली.

सकाळी वृषाली धारेला बसली. पहिली धार ती एका जुन्या काळ्या तव्यावर घ्यायची. सारजाबाई नेहमी टोमणा मारायच्या, "तवा भाकरीला असतुया गं, गाईला न्हाय!" त्या दिवशी तव्यावर दह्यासारख्या बारीक गुठळ्या दिसल्या. काळ्यावर पांढरं लपत नाही.

"आत्या, हे बघा. निकिताला आज हे दूध नाही."

"दिष्ट लागली आसंल. मीठमिरच्या ववाळ."

गेणबांनी कासेला हात लावला आणि त्यांचं तोंड उतरलं. "दगडी हाय, कासंचा रोग. सड गेला की गाय बाजारात. आपल्याकडं तीन सडाची गाय ठेवत न्हाईत."

"मामा, सड अजून गेलेला नाही," वृषाली म्हणाली आणि तिनं फोन लावला.

जनावरांच्या डॉक्टर परवीन मोटरसायकलवरून आल्या. त्यांनी सडात औषध सोडलं. "पाच दिवस. एकही चुकवायचा नाही. हा सड शेवटी पिळा, दूध वेगळं काढून फेका. आणि सारजाकाकू, पाटी धार झाल्यावर द्या. खात उभी राहील, तवर सडाचं तोंड मिटंल."

"म्हंजी माझ्या पाटीनंच घात केला व्हय?" सारजाबाईंनी विचारलं.

"पाटी तीच, काकू. फक्त वेळ बदला."

औषध जंतूंना मारत होतं. पण माझ्या अंगातलं भोक बुजवणं औषधाच्या हातात नव्हतं. ते काम माझं होतं आणि मी ते केलं. पडद्याचा भोक पडलेला तुकडा आत ओढून मी पचवून टाकला. जो ओढता येईना, त्याचा बुडबुडा करून बाहेर भिरकावला. एक बुजलं की दुसरं पडायचं. पाडा म्हटलं! पडद्याला नवी ठिगळं लावायला मला अजून येतं.

तिसऱ्या दिवशी तव्यावरचं दूध स्वच्छ दिसलं. गेणबा म्हणाले, "झाली की बरी. बास कर आता औषध."

मी आतून थरारले. दोन-चार जंतू अजून कोपऱ्यात दबा धरून होते. तव्यावर ते दिसत नाहीत.

"मामा, पाच म्हणजे पाच," वृषाली म्हणाली.

"लई हट्टी हाईस."

"व्हय, हाय."

कासेतल्या कासेत मी तिला दाद दिली.

पाच दिवस झाले. परवीन डॉक्टरांनी आणखी काही दिवस दूध घरात घेऊ दिलं नाही, मग तपासून होकार दिला. गौरी आजही चारी सडांनी दूध देते. बाजाराचं नाव कुणी काढत नाही. आता धार झाली की सारजाबाई पाटी घेऊन तयारच असतात. गौरी बसायला वाकली तर दरडावतात, "हुबी ऱ्हा गं! दार मिटू दे आधी."

मित्रांनो, मी आता थकले आहे. एखाद्या सकाळी माझी पकड सुटेल आणि मी धारेबरोबर निघून जाईन. तव्यावर मी दिसणार नाही. रडू नका. ज्यांनी मला फोडायला सातजणांचं रिंगण धरलं, त्यांच्या हातून मी गेले नाही, एवढं लक्षात ठेवा. आम्ही आत झुंजतो. तुम्ही बाहेर फक्त अर्धा तास गाय उभी ठेवा.