लाल रेघेपेक्षा बुटका

मी बोलतोय, आणि जरा आवाज चढवूनच बोलणार आहे. कारण ज्या माणसाने तळभर माझी बदनामी केली त्याला ऐकू कमी येतं, आणि ते त्याला मान्य नाही.

मी एक हिच आहे. ट्रकच्या हौद्यात बोल्टांनी आवळून बसवलेला लोखंडी जबडा. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं अख्खं घर. त्याच्या पुढच्या भागाखाली एक जाडजूड खुंटा लोंबत असतो. ट्रक मागे घेत त्याच्या खाली न्यायचा, खुंटा माझ्या तोंडात घालायचा, मी जबडा मिटायचा, की घर ट्रकमागे चालायला लागतं. इकडे आमच्या जातीला पाचवं चाक म्हणतात. मी गोल नाही, गडगडत नाही, कुठल्याच बाजूने चाकासारखा दिसत नाही. पण नाव ठेवताना आम्हाला कोण विचारतो?

जन्म म्हणाल तर भट्टी, ठोकाठोक, ठिणग्या आणि शेवटी काळ्या रंगाची आंघोळ. कारखान्यातून बाहेर सोडण्याआधी मला एका यंत्रात अडकवून ओढलं. असं ओढलं की अंगातली एकेक शीर ताणली गेली. मी सोडलं नाही. तेव्हा कुठे माझ्यावर शिक्का बसला. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे माझ्यावर आरोप होणार आहे, म्हणून आधीच नोंदवून ठेवतोय.

मला विकत घेतलं डेल्बर्ट हाउगन नावाच्या म्हाताऱ्याने. अमेरिकेतल्या साउथ डकोटात, मिझुरी नदीच्या पाण्याकाठी कॅम्परांचा एक तळ आहे, तिथल्या एका लाकडी खोलीत तो मुक्कामाला असतो. उंच, खांदे पडलेला, गालात कायम सूर्यफुलाच्या बिया. बिया चावायच्या आणि टरफलं हौद्यात थुंकायची, म्हणजे माझ्या डोक्यावर. नव्या वस्तूचं स्वागत करायची त्याची हीच रीत.

माझ्याआधी तिथे एक जुना हिच होता. झिजून खिळखिळा झालेला, रस्ताभर खडखड करणारा. पण मिटताना तो असा ‘खडाक्’ वाजायचा की शेजारची कुत्री भुंकायला लागायची. डेल्बर्टचा सगळा विश्वास त्या ‘खडाक्’वर. मी मिटतो तो ‘टक्’ असा, काम झालं की गप्प.

आणि मी जुन्यापेक्षा दोन बोटं बुटका आहे. हे लक्षात ठेवा. डेल्बर्टने ठेवलं नाही.

मला बसवताना बोल्ट आवळले ते त्याच्या नातीने, ब्रिनने. वीसएक वर्षांची, हाताला ग्रीस, डोक्यावर कुठल्याशा बियाणे कंपनीची मळकी टोपी. कॉलेज मध्येच सोडून आलेली. का सोडलं म्हणून विचारणारे पुष्कळ होते, उत्तर ऐकून घेणारा कोणी नव्हता.

“आजोबा, याच्याबरोबर कागद आलाय. वाचू?”

“कागद वाचायला मी काय नोकरीचा अर्ज भरतोय?”

“पण हा जुन्यापेक्षा बुटका वाटतो.”

“बुटका नाही, नवा आहे. हल्लीचं सगळं असंच निघतं. तुझ्याकडे बघ.”

शेवटचा बोल्ट तिने असा आवळला की माझं बूड कण्हलं.

आता तिचं काय अडलं होतं ते सांगतो. उत्तरेला रेड नदीच्या खोऱ्यात साखरेच्या बिटांचा हंगाम सुरू होणार होता. ब्रिनला तिथे काम मिळालं होतं. बिटांच्या राशी लागतात त्या यार्डात ट्रक उतरवून घ्यायचे. काम त्यांचं, जागा त्यांची, पण राहायचं घर ज्याचं त्याने आणायचं. घर नाही तर काम नाही. घर होतं डेल्बर्टचं, म्हणजे हा कॅम्पर. त्याने अट घातली: नव्या हिचवर आधी चाचणी. टेकडीवरच्या धान्याच्या कोठारापर्यंत कॅम्पर ओढून न्यायचा आणि परत आणायचा. नीट झालं तर घेऊन जा. काही बिघडलं तर सोमवारपासून बापाच्या विम्याच्या ऑफिसात बसायचं, फोन उचलायचे आणि तोंड बंद ठेवायचं. आणि हो, जोडणी पहिल्यांदा तो स्वतः करून दाखवणार.

परीक्षा तिची आणि पेपर सोडवणार हा! मोठ्यांना हे जमतं. वर निकालही तेच लावतात.

चाचणीच्या सकाळी तळावरचे लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले. इथली ही खोडच आहे. कोणी कॅम्पर जोडायला किंवा सोडायला लागला की आजूबाजूचे बूड टेकायला जागा शोधतात, आणि नवराबायको एकमेकांवर कधी ओरडतायत त्याची वाट बघतात. या खुर्च्यांतला सगळ्यात जुनं गिऱ्हाईक डेल्बर्टच. कोणाची चूक दिसली की मांडीवर थाप मारून हसायचा. आज खुर्च्यांची तोंडं त्याच्याकडे होती.

शेजारची लव्हॉन थर्मास आणि रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचं ताट घेऊन पहिल्या रांगेत.

कॅम्परला पुढे दोन पाय असतात, कळ दाबली की वरखाली होणारे. जुन्या हिचच्या उंचीला कॅम्पर नेमका बसावा म्हणून डेल्बर्टने एका पायावर लाल रंगाची रेघ मारून ठेवली होती. त्या दिवशीही त्याने कॅम्पर त्याच रेघेपर्यंत उचलला. न बघता, न वाकता. रेघ म्हणजे रेघ.

“डेल, डावीकडे घे!” लव्हॉन ओरडली. “तुझ्या डावीकडे नाही, माझ्या डावीकडे!”

त्याला काही ऐकू गेलं नाही. त्याने हसून हात हलवला.

ट्रक मागे आला. खुंटा माझ्या तोंडाशी आला. मी जबडा उघडून तयार होतो. पण खुंटा दोन बोटं वर होता. त्याच्या तळाला बशीसारखी कडा असते. ती कडा माझ्या जबड्याच्या आत, खाली उतरायला हवी. ती येऊन बसली जबड्याच्या ओठावर. कोणी पाहुणा उंबऱ्यावरच उभा राहावा आणि यजमानाने आत आला असं धरून चालावं, तसं झालं.

ट्रकला धक्का बसला. डेल्बर्ट खाली उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आवाज आला. बसला.”

कसला आवाज? मी तर वाजलोच नव्हतो.

माझा दांडा अर्ध्यातच थांबला होता. दांड्याला एक भोक असतं, जबडा पूर्ण मिटला की त्यात पिन जाते. भोक जुळत नव्हतं. माणसांना तोंड असतं, मला दांडा आहे. तो अडतो तेव्हा मी नाही म्हणत असतो. इतकं सरळ आहे. याहून स्पष्ट नकार लोखंडाला देता येत नाही.

“पिन जात नाहीये,” ब्रिन म्हणाली. “खाली वाकून बघते.”

“नवा आहे, घट्ट आहे. हातोडा दे.”

त्याने ठोकलं. एकदा, मग पुन्हा. माझा रंग उडाला, दांडा केसभर सरकला, पिन तिरकी घुसली. खुर्च्यांमधून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

“आजोबा, पाय खाली असतानाच एकदा ओढून बघू ना. नसेल बसला तर खुंटा नुसता बाहेर येईल, घर पडणार नाही.”

“नवशिक्यांसारखं? या सगळ्यांसमोर? केस पांढरे झाले माझे या कामात, पोरी. पाय उचल.”

ब्रिनने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि कळ दाबली. इथे मी तिचीही बाजू घेणार नाही. तिला कळलं होतं. तरी दाबली. मोठ्यांपुढे मान तुकवायची सवय हाडात मुरते, ती कॉलेज सोडल्याने जात नाही.

पाय वर गेले. डेल्बर्टने ट्रक पुढे काढला. हातभर सरकला असेल नसेल, खुंटा माझ्या ओठावरून घसरला आणि कॅम्परचं नाक दाणकन ट्रकच्या दोन्ही कडांवर आदळलं. हौद्याची मागची फळी मुडपली. आत कपाटातली भांडी कोसळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“अगं बाई!” लव्हॉनचा थर्मास कलंडला.

“डेल,” मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “घर मागे न्यायचं असतं रे, डोक्यावर नाही!”

हशा पिकला. डेल्बर्टचा चेहरा बिटासारखा झाला. त्याने येऊन मला लाथ घातली. “भंगार! धरलं होतं आणि सोडलं याने. सगळ्यांनी बघितलं!”

काय बघितलं? मी सोडलं नाही! माझ्या हाती दिलंच नव्हतं, तर सोडू काय? नाही म्हणालो तर हातोडा मारलात, तोंड दाबून हो वदवून घेतलंत, आणि पडल्यावर पहिलं बोट माझ्याकडे? ज्या रेघेवर घर उचललंत ती माझ्यासाठी मारलेलीच नव्हती. दुसऱ्याच्या मापाची रेघ मला लावायची आणि वर मलाच भंगार म्हणायचं!

हे सगळं मी ओरडलो. पण लोखंडाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

“संपलं,” डेल्बर्ट ब्रिनला म्हणाला. “हा परत दुकानात. कॅम्पर कुठेही जात नाही. सोमवारी बापाच्या ऑफिसात जायचं.”

ब्रिन हलली नाही. “आवाज आला म्हणालात. कसला?”

“मिटल्याचा. खडाक्.”

“कानातलं मशीन कुठे आहे?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“कुठे आहे?”

“...ड्रॉवरमध्ये.”

“मग तुम्ही काय ऐकलंत, आजोबा? सगळा उन्हाळा लव्हॉन तुम्हाला हाका मारते आणि तुम्ही हसून हात हलवता. लोकांना वाटतं म्हातारा प्रेमळ झाला. प्रेमळ कसले, ऐकू येत नाही तुम्हाला! तो खडाक् जुन्या हिचचा होता. तो शेडमध्ये पडलाय. तुम्हाला आठवणीतलं ऐकू येतं आणि त्यावर तुम्ही पाय उचलायला लावता.”

“हळू बोल,” तो खुर्च्यांकडे बघत दातओठ खाऊन म्हणाला.

“हळू बोलले तर ऐकू जाणार आहे का?”

लव्हॉनने वड्यांच्या ताटावर उगाच रुमाल टाकला.

डेल्बर्टने खिशातून किल्ली काढली आणि हौद्यात भिरकावली. ती माझ्यावर, टरफलांत येऊन पडली. “कर तर मग. पुन्हा पडलं तर तुझं तू बघ.” तो गेला, एक रिकामी खुर्ची उचलली, तिचं तोंड पाण्याकडे वळवलं आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

ब्रिनने हौद्यात हात घालून किल्ली काढली. आधी पाय खाली सोडून कॅम्पर ट्रकवरून उचलला. ट्रक पुढे काढला. मुडपलेली फळी बिजागरीतून सोडवून गवतावर ठेवली. मग हौद्यात चढली आणि हाताने माझ्यावरची टरफलं झाडली. जन्मल्यापासून मला कोणी पुसलं नव्हतं. तिने तिरकी पिन उपटली, दांडा उघडला, जबड्यात बोट फिरवून कुठे तडा गेलाय का ते बघितलं. नव्हता. हातोड्याच्या खुणा होत्या, त्या अजून आहेत.

मग ती खाली उतरली, गुडघे वाकवले, डोळा माझ्या पातळीला आणला आणि कॅम्परच्या बुडाकडे पाहिलं. लाल रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही. कॅम्पर खाली घेतला, आणखी खाली, मला तो किंचित खांद्याने उचलावा लागेल इतका. ट्रक सावकाश मागे आला. कॅम्परचं बूड माझ्या पाठीवर घासत चढलं, खुंटा आत शिरला, कडा खाली उतरली, आणि मी मिटलो.

टक्.

दांडा आपोआप जागेवर गेला. पिन सरळ गेली. तरीही तिने पाय उचलले नाहीत. टॉर्च घेऊन माझ्या तोंडात पाहिलं. चाकांपुढे ठोकळे लावले, कॅम्परचे ब्रेक दाबून धरले आणि ट्रक पुढे रेटला.

ट्रकचा आवाज घोगरा झाला. मागची चाकं खडीत रुतली. ते सगळं घर, त्यातली फुटकी भांडी, पलंग, चूल, सगळं माझ्या जबड्यावर आलं. यंत्रातला तो पहिला दिवस मला आठवला. मी दात रोवले. ट्रक थरथरत जागीच उभा राहिला.

तिने पुन्हा ओढलं. मी पुन्हा धरलं.

तेवढ्यात पाण्याकडे तोंड केलेल्या खुर्चीतून, मागे न वळता, प्रश्न आला. “आवाज आला?”

“माहीत नाही,” ब्रिन मोठ्याने म्हणाली. “ओढून बघितलं.”

ती कोठारापर्यंत जाऊन परत आली. डेल्बर्ट तिच्याबरोबर बसला नाही. दुसऱ्या सकाळी आम्ही उत्तरेला निघालो तेव्हा तो आपल्या खोलीच्या दारात उभा होता. ब्रिन काहीतरी म्हणाली. त्याने हसून हात हलवला. ऐकू गेलं होतं की नाही, देव जाणे.

आता मी बिटांच्या यार्डाजवळ उभा आहे. सगळीकडे काळा चिखल, गोडसर कुजका वास. ब्रिन पाळी संपवून येते, बूट पायरीवर आपटते आणि माझ्यावरच्या घरात झोपते. ट्रकच्या कडा चेपलेल्या आहेत, फळी नाहीच. तिकडे तळावर डेल्बर्ट सांगत फिरतो म्हणे की तो हिच आधी बिघडलेला होता, त्यानेच दोन हातोडे घातले तेव्हा सुधारला. सांगू दे. माझं चालणं त्याच्या शिफारशीवर अवलंबून नाही.

लाल रेघ ब्रिनने इथे आल्या आल्या खरवडून काढली. मला वाटलं, आता माझ्या मापाची नवी मारेल. मारली नाही. दर वेळी जोडताना गुडघे वाकवते आणि बघते.

तेव्हा ऐकता येत असेल तर ऐका. माझा दांडा अडला तर हातोडा आणू नका. मी नाही म्हणतोय, आणि मला तसं म्हणायचा हक्क आहे. वाकून बघा, माझी उंची माझ्याजवळ येऊन मोजा. आणि भंगार म्हणायची फारच घाई असेल, तर पाय खाली असू द्या आणि आधी ओढून बघा.

मी इथेच आहे. ओढा.