बरं म्हणजे सात

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचं एक म्हातारं कार्ड. मला हात नाहीत, तरी माझ्या हातून एक पाप घडलं आहे.

माझ्यावर शून्य ते दहा आकड्यांची शिडी छापलेली आहे. माणसं किती सुखी आहेत हे मोजणाऱ्या एका अर्थतज्ज्ञ सरांनी मला करवून घेतलं. सर्वेक्षणाच्या ताई मला घरोघर नेत आणि म्हणत, "दहा म्हणजे सगळं मनासारखं, शून्य म्हणजे अगदी वाईट. तुम्ही कुठे आहात तिथे बोट ठेवा." एका रंगाऱ्याने आठवर बोट ठेवलं. "वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नसतं ताई, माणूस पडतो!" तेव्हा मी फार भाव खात असे.

पण बरेच जण आकडा सांगायला लाजत. "बरं चाललंय," एवढंच म्हणत. ताईंना दिवसाला वीस घरं उरकायची असत. त्यांनी आपलं ठरवूनच टाकलं, बरं म्हणजे सात.

एकदा आम्ही शिवणकाम करणाऱ्या एका मावशींकडे गेलो. मावशींनी मला मांडीवर घेतलं आणि दोनवर बोट ठेवलं. सुईने टोचलेलं ते बोट तिथेच टेकलं होतं. तेवढ्यात मुलगा आत आला.

"काय गं आई, काय चाललंय?"

"काही नाही रे. बरं आहे माझं." मावशींनी बोट उचललं.

ताईंची मान फॉर्मवरच झुकलेली होती. त्यांनी सात लिहिले. मावशींचे दोन फक्त मला ठाऊक होते.

सरांच्या तक्त्यात त्या वस्तीची सरासरी सात आली. वस्ती सुखी निघाली, म्हणून तिथलं दुपारचं विरंगुळा केंद्र बंद झालं. मावशी रोज तिथेच चार माणसांत बसत.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा मावशी घरात एकट्याच होत्या. "केंद्र का हो बंद केलं?" त्यांनी विचारलं. ताईंनी खरं ते सांगितलं. मावशींनी हातातलं शिवण खाली ठेवलं.

"म्हणजे माझ्यामुळेच की हो," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं ना, बरं आहे म्हणून."

ताईंना मान वर करवेना. मला तर लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी, तुम्ही दोन दाखवले होते हो! पण मी कसं सांगणार?

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. घरात कुणी "बरं आहे" म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जवळ बसा, आणि पुन्हा एकदा विचारा.