राहिलेलं बारसं

शालूच्या वडिलांचं, मच्छिंद्रचं, पुण्याजवळच्या मांजरी गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी यायच्या. तो आतली काळी पडलेली तार उपटून काढायचा आणि नवी भरून द्यायचा. आजूबाजूचा ऊस कमी होऊन इमारती उठल्या, तशा सोसायट्यांच्या पाण्याच्या मोटारी यायला लागल्या. दुकान घराच्या पुढच्या अंगालाच असल्यामुळे तांब्याच्या तारेची वेटोळी घरात कुठंही सापडायची, अगदी तांदळाच्या डब्यावरसुद्धा.

शालू हडपसरला एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. ड्यूटी दुपारनंतरची. सकाळ तिची स्वतःची होती, आणि त्या वेळात ती संगीत करायची. गाणं तिला येत नव्हतं, पेटी-तबला शिकलेली नव्हती, घरात कीबोर्ड नव्हता. कंपनीनं मोडीत काढलेला लॅपटॉप, त्यावर फुकटचं सॉफ्टवेअर आणि वायर विशिष्ट कोनात वाकवली तरच दोन्ही कानांत वाजणारा हेडफोन, एवढंच तिच्याकडे होतं. माइक घ्यायचं मनात होतं, पण त्याआधी तिला इंटरनेटवर एक गोष्ट कळली. बारीक तारेचं वेटोळं माइकच्या भोकात जोडलं की त्याला हवेतला आवाज ऐकू येत नाही. त्याला वीज ऐकू येते.

तिनं वडिलांच्या दुकानातून एक वेटोळं उचललं, त्याला पिन जोडली आणि घरभर फिरवलं. फ्रिज खर्जात घुमत होता. मीटरचा आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. मोबाइल तर चक्क ठेका धरायचा. ती ते आवाज कापायची, ताणायची, एकावर एक रचायची. तिनं केलेलं अजून घराबाहेर कुणाला ऐकवलं नव्हतं. मच्छिंद्रनं एकदा हेडफोन कानाला लावून पाहिला होता आणि म्हणाला होता, "हिचं बेअरिंग गेलंय."

काम करायला ती मागच्या खोलीत बसायची, कारण तिथं शांतता असायची. तिथं मथुराबाईची खाट होती. मथुराबाई म्हणजे मच्छिंद्रची थोरली बहीण, शालूची आत्या. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. शालूची आई हेमा गेली तेव्हा शालू शाळेत होती. पुढं आत्यानंच तिला वाढवलं. मग आत्याला अर्धांगाचा झटका आला. एक बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं आता परत यायचं नाही. आत्या खाटेवर पडून भिंतीकडे बघायची. कुशीवर वळवलं तरी थोड्या वेळानं तोंड पुन्हा भिंतीकडेच.

एका सकाळी वेटोळं खाटेच्या कडेला पडलेलं असताना शालूच्या कानात काहीतरी वेगळंच आलं. विजेची घरघर एकसारखी असते. हे एकसारखं नव्हतं. खालच्या सुरात उठायचं, थांबायचं, परत उठायचं. वेटोळं भिंतीजवळ नेलं की मोठं व्हायचं.

"पप्पा, मागच्या भिंतीत वायर आहे का?" तिनं दुकानात जाऊन विचारलं.

"नाय. त्या भिंतीला काहीच नाय ठेवलं," मच्छिंद्र म्हणाला, आणि हातातला पाना खाली न ठेवता तिच्याकडे बघत राहिला. "का गं?"

"काही नाही. असंच."

तिला तो आवाज आवडला होता. तिनं तो रेकॉर्ड केला, मीटरच्या घुमण्याखाली ठेवला, मोबाइलचा ठेका वरून सोडला. पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण केलंय ते पुरं झालंय. म्हणून तिनं हेडफोन काढला आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर लावलं.

"आले, आले," आत्या म्हणाली.

शालू जागच्या जागी थिजली. आवाज आत्याचाच होता, थोडा खरखरीत, पण स्वच्छ. आत्या भिंतीकडे तोंड करून बोलत होती.

"ऐकतीय की. बोल."

मग ती थांबली. समोरचा बोलत असताना माणूस थांबतं, तसं. मान हलवली. "व्हय. हितंच हाय. माझ्या शेजारीच बसलीय." पुन्हा थांबली. "नाय, तिला नाय ऐकू येत अजून."

तुकडा संपला आणि आत्या गप्प झाली. शालूनं तिला हाक मारली, हलवलं, आत्याचे डोळे मात्र रोजच्यासारखे रिकामे. शालूनं पुन्हा तुकडा लावला. आत्या पुन्हा बोलायला लागली.

शालूनं वडिलांना सांगितलं नाही. पुढचे कितीतरी दिवस ती सकाळी दार ओढून घ्यायची, तुकडा लावायची आणि आत्याचं बोलणं ऐकायची. हळूहळू तिच्या लक्षात आलं की भिंतीतला आवाज जिथं उठतो तिथं आत्या थांबते, आणि तो जिथं पडतो तिथं बोलते. तिला भीती वाटायची, पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटायचं. ही खोली आईची होती. आई इथंच झोपायची. कोण बोलावत असेल, हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

शेवटी तुकडा चालू असताना तिनं आत्याच्या कानाशी वाकून विचारलं, "आत्या, आई आहे का तिथं? विचार ना तिला."

आत्यानं वाट बघितली. "नाय. हेमा फुडं गेली. हे एकटंच हाय."

हे. शालूच्या अंगावर काटा आला. इतके दिवस आत्या कधीही 'ती' म्हणाली नव्हती, हे तिला आत्ता कळत होतं.

"हे कोण?"

"तुझं नाव विचारतंय."

"सांग ना मग. शालू म्हणून सांग."

"शालू," आत्या भिंतीला म्हणाली. आवाज उठला, बराच वेळ उठलेलाच राहिला. शालूनं तो तुकडा स्वतः रचला होता. त्यात इतकी लांब जागा कुठंच नव्हती. मग आत्यानं, झटका आल्यापासून पहिल्यांदाच, आपण होऊन भिंतीकडून मान वळवली आणि शालूकडे बघितलं.

"ते म्हणतंय, ते तर माझं हाय."

शालूनं लॅपटॉप मिटला.

त्या गुरुवारी दुरुस्तीसाठी सगळ्या भागाची वीज बंद होती. शालूनं लॅपटॉप बॅटरीवर चालू केला आणि वेटोळं भिंतीला लावलं. फ्रिज मेलेला, मीटर गप्प, वायरीत वीजच नव्हती. भिंतीतला आवाज मात्र होता. ती वेटोळं घेऊन स्वयंपाकघरात गेली. आवाज तिथंही होता. अंगणात आली, तिथंही. लहान-मोठा होत नव्हता. तिच्या चालण्याबरोबर चालत होता.

दुपारी ती कामावर गेली. कानाला हेडसेट लावला, पहिला फोन आला आणि ती नेहमीचं वाक्य बोलली, "नमस्कार, मी शालू बोलतेय. आपली काय मदत करू?"

पलीकडून कुणी बोललं नाही. खालच्या सुरात एक आवाज उठला, थांबला, परत उठला.

तिनं फोन तोडला. पुढच्या फोनला एक आजोबा होते, त्यांचं बिल चुकलं होतं. शालूला त्यांना आपलं नाव सांगवेना. ती तब्येतीचं कारण सांगून निघाली आणि घरी येऊन थेट वडिलांसमोर उभी राहिली.

"माझ्या आधी कुणी होतं का?"

मच्छिंद्र मोटारीचं झाकण बसवत होता. त्यानं हात पुसले, पुन्हा पुसले. "कोण बोललं तुला?"

"आत्या."

"आत्याला बोलता येतंय व्हय?"

शालूनं त्याला हाताला धरून आत नेलं आणि तुकडा लावला. आत्या बोलू लागली तसा मच्छिंद्र दाराच्या चौकटीला टेकला. खाली बसला. आणि मग त्यानं सांगितलं.

शालूच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. पाचवी पुजली, आणि बारशाच्या तयारीत असतानाच ती गेली. ताप आला आणि गेली. हेमानं तिच्यासाठी नाव ठरवलं होतं, शालू. बारशाला नाव ठेवणार होती आत्या, रीतच ती. पण बारसं झालंच नाही. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत. रानाच्या बांधाशी पुरलं. पुढं ही दुसरी झाली तेव्हा हेमा हटून बसली, नाव तेच ठेवायचं. आत्याला ते पटलं नव्हतं, तरी तिनं ठेवलं.

"आणि बांध कुठं होता?" शालूनं विचारलं.

मच्छिंद्रनं बोट केलं नाही. खाटेकडे बघितलं फक्त. "खोल्या वाढवल्या तवा हेमा म्हणली, ही खोली तिच्यावरच बांधा. पोर बाहेर पावसात नको. मग ती हितंच निजायची."

शालूला राग यायला हवा होता, पण डोळ्यांपुढं आई दिसत होती, भिंतीकडे तोंड करून झोपणारी. तिला आठवलं, लहानपणी ती आईच्या त्या बाजूला झोपायला गेली की आई तिला अलीकडे ओढून घ्यायची.

"तिला देऊन टाकू," ती म्हणाली.

"काय?"

"नाव."

"येडी झाली का? नाव काय अंगातून काढून द्यायची गोष्ट हाय? कागदावर, बँकेत, कंपनीत, समदीकडं तेच हाय तुझं."

"कागदावर राहू दे. बारशातलं तिला द्यायचं."

"दुसरं देऊ की तिला. चांगलं बघून देऊ."

"पप्पा, आईनं ते तिच्यासाठी ठरवलं होतं. मला नंतर मिळालं. ती तेवढंच मागतेय."

मच्छिंद्र उठून दुकानात गेला. शटर खाली ओढल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात वाटीत घुगऱ्यांसाठी भिजवायचे हरभरे होते. कुठून काढले कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन खोलीत आलं असताना, त्यांनी आत्याला उठवून भिंतीशी बसवलं. मच्छिंद्रनं तिला मागून आधार दिला. शालूनं तुकडा लावला.

"आत्या, तिचं बारसं राहिलंय," शालू म्हणाली. "करतेस ना?"

आत्याचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर काही उमटलेलं शालूनं पाहिलं नव्हतं. आत्यानं आपला चांगला हात भिंतीवर ठेवला, तोंड अगदी जवळ नेलं आणि "कुर्रर्र" केलं. मग नाव सांगितलं. मच्छिंद्रनं, बारशाला बायका करतात तसं, बहिणीच्या पाठीवर हलकेच बुक्के मारले. तो रडत होता.

भिंतीतला आवाज उठला. एकदाच. आणि लहान पोराला झोप लागताना त्याचा श्वास सैल होत जातो, तसा उतरत गेला.

"आता मला," शालू म्हणाली आणि आत्याच्या तोंडाशी कान नेला. तिला वाटलं होतं आत्याला विचार करायला वेळ लागेल. लागला नाही. गरम श्वास कानावर आला, कुर्रर्र झालं आणि नाव आलं. तुळजा.

ती मान वर करते तोवर आत्या पुन्हा गप्प झाली होती. मोबाइलचा ठेका चालू होता, मीटर घुमत होतं. त्यांच्याखाली काही नव्हतं. तिनं फाइल उघडून बघितली. ज्या पट्टीत भिंतीचा आवाज ठेवला होता, ती कोरी होती. एक सरळ रेघ होती नुसती.

आत्या त्यानंतर कधी बोलली नाही. पण तिला कुशीवर वळवलं की ती त्या कुशीवर राहायला लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी झोपेतच गेली.

तो तुकडा आहे तसा, मधल्या रिकाम्या जागांसकट, तिनं इंटरनेटवर टाकला, तुळजा या नावानं. फार कुणी ऐकला नाही. ज्यांनी ऐकला त्यांतल्या कुणी कुणी लिहिलं, की मधल्या शांततेत कुणीतरी निजल्यासारखं वाटतं. मच्छिंद्रला शेजारच्या पोरीनं फोनवर दाखवलं तेव्हा त्यानं घरी येऊन विचारलं, "ही तुळजा म्हंजे तूच का?"

"हो."

"बरं हाय," तो म्हणाला, आणि जेवायला बसला.

हाक मारताना मात्र तो अडखळायचा. बरेच दिवस नुसतंच "ए पोरी" म्हणायचा. परवा त्याला एक दुरुस्त केलेली मोटार पोचवायला धायरीला जायचं होतं, आणि तीही कामावर निघाली होती. त्यानं दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मग बंद दाराला हात लावून आत म्हणाला,

"शालू, येतो गं."

ती हेल्मेट घालून त्याच्या पाठीशीच उभी होती. तिनं ओ दिली नाही.