भूत काढल्यावर

होबार्टच्या आमच्या ऑफिसात भूत हा रोजचा शब्द आहे. सोनार यंत्राने, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मोजलेला समुद्राचा अख्खा ठोकळा एका कॉम्प्युटरच्या पोटात मावत नाही. म्हणून त्याचे पाचशे बारा तुकडे करायचे आणि तितक्याच कॉम्प्युटरांना वाटायचे. प्रत्येकाला शेजारच्या तुकड्याची पातळशी कड उसनी द्यायची, म्हणजे चित्र जोडताना सांधा दिसत नाही. ही उसनी कड म्हणजे भूत. जोडण्याआधी ते काढलं नाही, तर कड दोनदा मोजली जाते आणि सांध्यावर पांढरी रेघ उमटते.

सोळा वर्षं मी हे चुकत चुकत शिकलेय. तरी त्या दिवशी काढायचं विसरले, आणि नेमकी मेरिन शेजारी बसलेली.

मेरिनचा भाऊ जोरी होडी घेऊन शेवंडी धरायला गेला, तो मार्चपासून परतला नव्हता. आज चित्रात काही सापडलं नाही तर शुक्रवारी शोध बंद होणार होता.

"ती बघ, डोलकाठी!" मेरिन ओरडली. "समुद्र कधी सरळ रेघ मारतो का गं, नोरीन?"

"समुद्र नाही, मी मारते. भूत राहिलं माझ्याकडून. बघ ना, चार रेघा आहेत."

"तीन तुझ्या. ही त्याची."

"मेरिन..."

"सोळा वर्षांत एवढंच शिकलीस होय? काढ मग तुझं भूत."

मी काढलं. चित्र पुन्हा जुळायला चाळीस मिनिटं लागतात. मेरिनने दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तिसरा कप मांडला आणि परत ठेवला. मी मात्र मनात म्हणत होते, जा बाई, चारही जा.

तीन गेल्या.

चौथी फिकी झाली, पण हलली नाही. सांध्यापासून जेमतेम हातभर अलीकडे, गाळात तिरकी रुतलेली. खाली अकरा मीटरांचा फुगवटा. जोरीची होडी अकरा मीटरांची.

मेरिन माझी बाही धरून हळूच म्हणाली, "परत लाव ना गं."

"काय?"

"भूत. मघाशी ती रेघ तुझी चूक होती."

खरं चित्र मी शोधपथकाला पाठवलं. मग भूत पुन्हा लावलं, आणि चारही रेघा उजळेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो.