रविवारी बोलणारा हत्ती

मी एक जुना बोलणारा हत्ती आहे. आत्मवृत्तात 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो: मित्रांनो, तुम्ही माझे मित्र नाही. तुमच्यातल्या बहुतेकांनी माझ्यासारखं काहीतरी कुणाच्या तरी बाळाच्या गळ्यात मारलेलं आहे, आणि पुढे त्याचं काय झालं हे विचारायलाही कुणी फिरकलेलं नाही. तेव्हा आता गुमान ऐका.

माझा जन्म एका कारखान्यातला. माझी निळी कातडी शिवणाऱ्या बायकांचा हात चांगला होता, त्यांना मी बोल लावत नाही. बोल लावायचा तो माझ्या पोटातल्या डबीला. तिच्यात तीन सेल आणि तीनच वाक्यं होती. बटण दाबलं की मी म्हणायचो, "मला मिठी मार!" पुन्हा दाबलं की, "चल, टाळ्या वाजवू या!" तिसऱ्यांदा, "आपण किती छान मित्र!" चौथ्यांदा परत मिठी. मनात आग असली तरी तोंडात हीच साखर. असं जगून बघा एकदा.

मला विकत घेतलं काकांनी. त्यांचं टीव्ही-फ्रिजचं दुकान होतं. धाकट्या भावाची मुलगी तीन वर्षांची होणार होती. ती दिवसभर गुणगुणत कानाकोपऱ्यात शिरायची, म्हणून घरात सगळे तिला भुंगी म्हणत. ही भुंगी काका दिसले की आईच्या मागे लपायची. काकांची स्वतःची मुलं मोठी होऊन लांब गेलेली, त्यामुळे हे लपणं त्यांच्या जिव्हारी लागायचं. एवढी एक पोर आपणहून आपल्याकडे यावी, यापलीकडे त्यांना काही नको होतं. पण खेळण्यांच्या दुकानात येऊन त्यांनी विचारलं काय? "सगळ्यात मोठं कुठलं?" दुकानदारानं मुलीचं वय विचारलं, तर म्हणाले, "वयाचं काय घेऊन बसलात! खोकं मोठं हवं." माझं बटणसुद्धा त्यांनी दाबून पाहिलं नाही.

वाढदिवसाला भुंगीनं ते बटण इतक्यांदा दाबलं की माझं पोट खोल गेलं. दुसऱ्या दिवशी थोडं कमी. चौथ्या दिवशी तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोलणार मी, मिठी मागणार मी, टाळ्या मागणार मी. तिला करायला शिल्लक काय होतं?

त्याच वाढदिवसाला आत्या आली होती. आत्या म्हणजे काकांची पाठची बहीण, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ती नळ-पाइपांच्या दुकानात काउंटरला असायची. आधीच्या खेपेला ती तासभर जमिनीवर बसून भुंगीकडे नुसती बघत होती, आणि भुंगी तासभर बाटल्यांची झाकणं काढत-लावत होती. म्हणून आत्यानं एक कापडी पिशवी आणली. आत पांढऱ्या पाइपांचे जाड तुकडे आणि ते जोडायचे सांधे: वाकडे एल्बो, तीन तोंडांचे टी, सरळ सॉकेट. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, सगळं धुतलेलं, आणि तोंडात जाईल इतकं लहान एकही नाही.

"वाढदिवसाला नळाचं सामान?" काका म्हणाले. "पोरीला प्लंबर करायचंय का?"

"तिलाच विचार की, दादा. तुझ्या हत्तीला विचारू नकोस, तो मिठीच मागेल."

त्या पाइपांचा मी मनापासून द्वेष केला. ना डोळे, ना कान, ना शेपूट, आणि तरी भुंगी त्यांना सोडेना. आज साप, उद्या फोन, परवा आजीच्या गुडघ्यापासून पायापर्यंत जाणारा रस्ता. मी कोपऱ्यातून बघायचो आणि जळायचो.

भुंगीची आई नर्स. रात्रपाळी करून दुपारी झोपायची. एकदा कुणाचा तरी पाय लागून मी "टाळ्या वाजवू या!" म्हणून ओरडलो, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. सेल काढून एक भिंतीवरच्या घड्याळात गेला, दोन टीव्हीच्या रिमोटमध्ये. पण काका दर रविवारी यायचे, आणि आल्या आल्या विचारायचे, "आमचा हत्ती कुठाय?" मग दर रविवारी भुंगीचे बाबा धावतपळत मला खाली काढायचे, झटकायचे, घड्याळ आणि रिमोट उघडून सेल माझ्या पोटात भरायचे. काका बटण दाबायचे, मी मिठी मागायचो, भुंगी आईच्या मागे. असा दीड वर्ष ढोंगीपणा चालला.

काका साधे, पण टीव्हीवाले. दर रविवारी घड्याळ बंद, रिमोट बंद, हे त्यांना बघवेना. एका रविवारी ते स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं, मागची बाजू पाहिली. सेलच नाही. रिमोट उघडला. तोही रिकामा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा रिमोटचं झाकण शोधू लागले. शेवटी आई म्हणाली, "भाऊजी, खरं सांगते. हत्ती रविवारीच बोलतो."

काकांनी स्वतःच्या हातानं माझ्या पोटातले सेल काढले, एक घड्याळात घातला, दोन रिमोटमध्ये. मग दाराशी जाऊन बूट घालू लागले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

माझं पोट उघडंच राहिलं होतं. भुंगीला ते भोक दिसलं. तिनं एक पाइप त्यात खुपसला, त्याला एल्बो, पुढे आणखी पाइप, असं करत ती कपाटामागे गेली. आणि माझ्या पोटातून आवाज आला:

"जवळ येऊ नका! मिठी नकोय. मला राग आलाय!"

मी हादरलो. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून खरं निघालं होतं.

काका एका पायात बूट घालून थबकले. मग हळूच म्हणाले, "हत्तीबुवा, कुणाचा राग आलाय?"

"सगळ्यांचा!"

"माझाही?"

पाइप जरा हलला. मग पोटातून बारीक आवाज आला, "थोडा. तुम्ही खाली बसतच नाही."

काकांनी तो बूटही काढला आणि फरशीवर मांडी घातली. थोड्या वेळानं कपाटामागून एक हात आला आणि त्यांच्यापुढे तीन तोंडांचा टी ठेवून गेला. "हे तुम्ही लावा."

आता भुंगी सहा वर्षांची आहे. काका अजून रविवारी येतात, कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसतात. माझी सोंड उसवली आहे, पोटाला झाकण नाही, आणि मी रोज खेळात असतो: कधी पाण्याची टाकी, कधी रेडिओ, कधी आजारी. पाइप मला अजूनही आवडत नाहीत.

तर मित्रांनो, मुलासाठी भेटवस्तू आणायला निघण्याआधी त्याच्याशेजारी तासभर जमिनीवर बसा आणि तोंड बंद ठेवून बघा. आणि जे न्याल त्यात त्याला स्वतःचं बोलायला थोडी जागा असू द्या. माझं सांगून झालं. आता जा. मिठी मारायला कुणीही पुढे येऊ नका.