बेचाळिसावी खूण

जमीन सरकारची, पाणी सरकारचं, पाण्यातले मासे सोसायटीचे. भांडण तेवढं आमच्या घरचं होतं आणि ते आम्ही बारा वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

सासऱ्यांचं रान मांजरा नदीच्या धरणात गेलं तेव्हा मी या घरात आलेही नव्हते. पाणी फारच उतरलं तर ते रान उघडं पडतं आणि आमच्यासारखे धरणकाठचे लोक त्या गाळात खरबुजं, काकड्या लावतात. मरताना सासऱ्यांनी दोन्ही पोरांना सांगितलं, "लिंबाच्या बुडख्यापासून अलीकडं भागवत, पलीकडं नाथा." बुडखा स्वतः अलीकडचा की पलीकडचा, हे सांगायचं राहिलं आणि म्हातारबा गेले. झालं! माझा नवरा भागवत म्हणतो बुडखा माझा, धाकटा दीर नाथा म्हणतो माझा. तो बुडखा दीड हात रुंद आहे. चार-पाच वर्षांतून एखाद्या उन्हाळ्यात दिसतो, एरवी त्याच्यावर पुरुषभर नाही, तीन पुरुष पाणी असतं.

नाथा माझ्या हाताखाली वाढलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चौथीत होता आणि सासू नव्हती. त्याला कडेला करपलेली भाकरी आवडायची, म्हणून मी एक मुद्दाम करपवायची. त्याच नाथाने बारा वर्षं माझ्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही. रस्त्यात दिसला तर मान खाली घालून जायचा. मला फार लागायचं ते. त्याने एकदा येऊन माझ्या हातची भाकरी खावी, एवढंच मला हवं होतं. बुडखा मग माशांनी वाटून घेतला असता तरी चाललं असतं.

त्यात मागल्या वर्षी यांनी कोकणातून जुनी फायबरची होडी टेम्पोत घालून आणली. होडीबरोबर एक डबा आला. समुद्रात आपण कुठे आहोत, खाली पाणी किती आहे, हे सांगणारं जुनं यंत्र. विकणारा म्हणाला होता, काढून ठेवू का? आमचे मालक म्हणाले, होडीसोबत आहे ते आमचं. लग्नात नवरीमागे करवली येते तसा तो डबा आला आणि करवलीसारखाच डोक्यावर बसला.

डबा चालू केला की पहिल्यांदा बाण दाखवायचा: बंदर तीनशे चाळीस किलोमीटर, पश्चिमेला. त्यात जुन्या मालकाने समुद्रातल्या एक्केचाळीस जागांच्या खुणा करून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या तिकडेच. खाली पाणी कमी झालं की तो टिटवीसारखा ओरडायचा. समुद्राच्या मानाने आमचं धरण म्हणजे परात, त्यामुळे तो ओरडतच राहायचा आणि मासे लातूरकडे पळायचे. तारीख तर वीस वर्षं मागची. आमची तेजश्री सुट्टीला आली होती, तिने डब्यावरचं इंग्रजी वाचून सांगितलं, "आई, याच्या हिशोबानं मी अजून पाळण्यात हाय." मी मनात म्हटलं, याच्या हिशोबाने आम्ही अजून एका चुलीवर जेवतोय.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण त्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, बुडख्याचं टोक पाण्याबाहेर आलं आणि यांनी होडी त्याला टेकवून डब्याचं बटण दाबलं. बेचाळिसावी खूण. पुढे धरण भरलं, बुडखा बुडाला, पण यांना त्याची जागा डब्यात सापडली. रोज सकाळी होडी तिथे नेऊन उभी करायची आणि नाथाची वाट बघायची. नाथा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकायला आला की सुरू.

"कावून बे नाथ्या! जाळं माज्या वाट्यात आलं ना!"

"कोन म्हन्तं?"

"डबा म्हन्तो!"

"तुजा डबा अन् तू, दोगंबी खोटारडे!"

काठावर धुणं धुताना मला सगळं ऐकू यायचं. मी एकटीच नव्हे, अर्धं गाव ऐकायचं. पाण्यावर आवाज लांब जातो. दोघांचा बाप एकच, त्यामुळे बापाचा उद्धार तेवढा टळायचा. मला वाटायचं, धरणीमाते, पोटात घे. मग आठवायचं की धरणीही पाण्याखालीच आहे.

यंदा दिवाळीनंतर होडीची बॅटरी मेली. केजहून जाकीर मेकॅनिक आला. जळालेल्या मोटारी भरणं, मिक्सर, मोबाइल, सगळं करतो. त्याने डबा उलटासुलटा पाहिला.

"भाभी, बॅटरी ह्यानंच खाल्ली. नवी घ्या, न्हाई तर हे काढून टाका. लई पुराना माल हाय. जागा दाखवतो, पन तीस-चाळीस फूट इकडं तिकडं."

मी म्हटलं, "किती?"

"तीस-चाळीस फूट. समुद्रात कोन मोजतं?"

मी यांच्याकडे पाहिलं. दावा दीड हाताचा आणि चूक पंचवीस हातांची! मालक म्हणाले, "जाकीर, तुला मोटारीतलं कळतं. लिंबातलं न्हाई कळत." मला मात्र संधी मिळाली होती. डबा गेला की भांडण जाईल, भांडण गेलं की नाथा येईल, असं माझं साधं गणित होतं.

मी म्हटलं, "एक तर ह्यो डबा ऱ्हाईल, न्हाई तर मी."

यावर मालक विचार करायला लागले. चांगला बराच वेळ केला. माझं डोकं असं सणकलं! शेवटी "काढ बाबा" म्हणाले आणि जाकीरने चार स्क्रू काढून डबा माझ्या हातात दिला. मी तो फडताळात लोणच्याच्या बरणीमागे ढकलला.

दुसऱ्या दिवशी काठावर धुणं घेऊन गेले. होडी पाण्यात, तराफा पाण्यात, आवाज नाही. मला वाटलं, जिंकलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी मालक अर्धी भाकरी टाकून उठले. सहाव्या दिवशी होडी काठालाच बांधून तिच्यात बसून राहिले. विचारलं तर म्हणाले, "जाऊन काय करू? बोलाया काय हाय तिथं?" मासे धरायला जाणारा माणूस हे म्हणतो! तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की मी घोळ केला.

नवव्या दिवशी दुपारी भाकऱ्या थापत होते, तर दारात सावली पडली. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन नाथा उभा. उंबऱ्याच्या बाहेरच.

"वैनी, दादाला बरं न्हाई का?"

बारा वर्षांनी "वैनी" ऐकलं. हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

"बरे हायत. कावून?"

"शिव्या देईनात. मी तर पार त्येंच्या होडीपाशी जाळं नेऊन टाकलं. बगत्यात अन् मान फिरवत्यात. मी म्हन्लं, काय दुखतंखुपतं का."

मी डब्याचं सांगितलं. बॅटरी मेली, मीच काढून टाकायला लावला. नाथाने मान हलवली.

"मला कळलं जाकीरकडून. डबा खोटाच हाय, वैनी. पन बसवा त्यो." आणि खांद्यावरचं खाली ठेवलं. त्याच्या स्वतःच्या ट्रॅक्टरची बॅटरी. "पेरन्या झाल्यात. टॅक्टर काय, उबाच हाय."

मला रडू आलं. पदराने डोळे पुसत म्हटलं, "जेवून जा."

"आता कसं जेवू? भांडन हाय आमचं," असं म्हणाला आणि गेला. तव्यावरची भाकरी करपली होती.

मी ती भाकरी टाकली नाही. जाकीरला फोन करून संध्याकाळच्या आत डबा बसवून घेतला. बॅटरी कोणाची, हे मालकांनी विचारलं नाही; तिच्यावर नाथाने तेलाच्या रंगात आपलं नाव लिहिलेलं होतं. सकाळी मी यांच्या फडक्यात चारच्या जागी सात भाकऱ्या बांधल्या, वर ती करपलेली, ठेचा आणि पिठलं. 

धुणं घेऊन काठावर गेले तोवर सुरू झालं होतं. "कावून बे नाथ्या!" असा आवाज आला, की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. नाथाही कमी नव्हता. मी एक लुगडं तीनदा धुतलं.

ऊन तापल्यावर आवाज थांबला. बघते तर तराफा होडीला बांधलेला. दोघं होडीत, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये फडकं पसरलेलं.

संध्याकाळी मालकांनी रिकामं फडकं माझ्यापुढे टाकलं.

"जेवला का नाथा?" मी विचारलं.

"जेवला म्हंजे? वाट्यात घुसला, मंग दंड केला. म्हन्लं, बस, जेव. त्यो म्हन्तो, तुज्या हद्दीत जेवनार न्हाई. मी म्हन्लं, मी तुज्या हद्दीत जेवनार न्हाई. मंग डबा लावून होडी बरोब्बर बुडख्यावर उबी केली. त्यो त्येच्याकडं, मी माज्याकडं."

"अन् करपलेली?"

"ती त्यानंच घेतली. मला दिली न्हाई."

जाकीर घरी आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो हसला, म्हणाला, "भाभी, असली बुडखा तर तिथून चाळीस फूट दूर आसंल."

मी त्याला म्हटलं, "हे त्या दोगांना कळलं, तर केजात तुजं दुकान ऱ्हानार न्हाई." आणि उद्याचं पीठ चाळायला लागले.